यादी खरी ठरली त्या गावात

बीड जिल्ह्यातून परत येऊन दोन महिने होत आले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. तो कोणाकोणावर आहे हे सांगायचं तर सुरुवात स्वतःपासून करावी लागेल. गावाचं नाव आणि माणसांची खरी नावं मी लिहीत नाही. त्यांना माझ्यामुळे एकदा त्रास झाला आहे, तेवढा पुरे.

मी पुण्यात एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. गेली दोन वर्षं एक काम अंगावर घेतलं होतं. शाळा सोडून जाणारी मुलं आधीच ओळखायची, आणि ते ओळखायला संगणकाला शिकवायचं. कल्पना सोपी आहे. मागच्या वर्षांचे हजेरीपट संगणकात भरायचे आणि कोणतं मूल टिकलं, कोणतं गेलं, ते त्याला सांगायचं. कोणत्या खुणा असलेली मुलं जातात हे तो त्यातून स्वतःच ताडतो. मग यंदाची मुलं त्याच्यापुढे ठेवायची. प्रत्येक नावासमोर तो शंभरापैकी एक आकडा देतो. आकडा जितका मोठा तितका धोका मोठा, आणि तिथे मदत आधी पोचवायची.

'मदत' हा शब्द माझ्या इंग्रजी अहवालात पानोपानी आहे. मदत म्हणजे शाळेनं नेमकं काय करायचं, याचं एक पान मराठीत लिहून द्या, असं शिक्षण खात्यातल्या साहेबांनी मागितलं होतं. मी 'देतो' म्हणालो आणि दिलं नाही. पेपर तपासायचे होते, मुलीचा अकरावीचा प्रवेश होता, आणि खरं म्हणजे ते पान मला माझ्या कामाचा भाग वाटलंच नाही.

मग दसरा झाल्यावर साहेबांचा फोन आला. "सर, अभिनंदन! केज तालुक्यातल्या एका शाळेत तुमची नावं अकराच्या अकरा बरोबर निघाली. शनिवारी संध्याकाळी बीडला या, छोटासा सत्कार ठेवलाय. आधी ती शाळाही बघून घ्या."

फोन ठेवला आणि मी कोपऱ्यावर जाऊन पेढे आणले. बायकोनं विचारलं, "कशाचे?" मी म्हणालो, "बरोबर निघालं."

अकरा मुलं शाळेतून गेली होती आणि मी पेढे वाटले. पुढचं सगळं हे लक्षात ठेवून वाचावं.

मांजरसुंबा

गुरुवारी पहाटे एस.टी.नं निघालो. नगर मागे पडलं, जामखेड गेलं, आणि बालाघाटाचे बुटके, खडकाळ डोंगर सुरू झाले. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्या मनात तो बारमाही उजाड असतो. माझ्याही होता. पण पावसाळा नुकताच सरला होता. उतारावर गवत मानेएवढं वाढलेलं, तूर पिवळी फुललेली, आणि रानोमाळ सीताफळं. पुण्यात आम्ही ती कागदात गुंडाळलेली, डझनावर घेतो. मांजरसुंब्याच्या चौकात बायका पाट्याच्या पाट्या भरून बसल्या होत्या आणि गिऱ्हाईक आधी एक फोडून खात, मग घेत.

ढाब्याच्या भिंतीवर परदेशी थंड पेयाची लालभडक जाहिरात रंगवली होती. खाली बाकावर मी भाकरी आणि येसराची आमटी खाल्ली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याची आणि मसाल्याची पूड. एवढ्याशा पुडीवर अशी दाट आमटी होते हे मला माहीत नव्हतं. दोन वाट्या जास्त मागितल्या. मनातून मी खूष होतो.

केजकडची जीप पकडली. आत चौदा माणसं होती आणि ड्रायव्हरला ती कमी वाटत होती.

"सरक की बे जरा! पुण्याचे मास्तर हायेत, बसू दे." मग आरशातून माझ्याकडे बघून, "कशापायी आलाव, मास्तर?"

मी सांगितलं. कोणतं पोर शाळा सोडणार ते संगणक आधीच सांगतो.

"आयला! मंग आमची जीप कवा बंद पडंल ते सांगंल का?"

"सांगेल की. जीपच्या बिघाडाचं रजिस्टर ठेवता का तुम्ही? कधी काय बिघडलं याचं?"

"खरं रजिस्टर ठिवलं असतं तर आरटीओनं कवाच धरलं असतं!"

सगळी जीप हसली, मीही हसलो. त्या हसण्यात माझ्या दोन वर्षांच्या कामाचा निकाल लागला होता, पण तो मला दुसऱ्या दिवशी कळला. केजला उतरलो तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. शेजारच्या बाईनं आपली पाटी माझ्या पिशवीवर ठेवली होती. दोन पिकली सीताफळं फुटून पिशवीत उतरली होती आणि संगणकाची छापील यादी घडीघडीला चिकटली होती.

शाळा

शुक्रवारी सकाळी गावात पोचलो. सहा खोल्या, एक लिंबाचं झाड, भिंतीवर रंगवलेला भारताचा नकाशा. हेडसर सफारी घालून दारातच उभे होते. शाल, नारळ, पोहे, चहा झाला.

"यादी हातात पडली त्याच आठवड्यात अंमलबजावणी केली, सायब. अकराच्या अकरा टीश्या घरपोच. एकालाबी हेलपाटा पडू दिला न्हाई."

टीशी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. "दाखले? कशासाठी?"

"गळती थांबवायला."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. त्यांनी मला, लहान मुलाला समजवावं तसं, समजावलं. पोरगं नुसतं यायचं बंद झालं की ती गळती. दाखला घेऊन गेलं तर ते दुसऱ्या शाळेत गेलं असं धरतात, मग ती गळती नाही. "तुमचं मशीन आधीच सांगतंय कोण गळणार. मंग गळायच्या आधीच टीशी दिली. गळती शून्य! वरून अभिनंदनाचं पत्र आलंय."

"अहो, ती यादी मुलांना धरून ठेवायला होती! मदत करायला!" मी ओरडलो. बाहेर पाढे म्हणणारा वर्ग गप्प झाला.

हेडसर चिडले नाहीत. त्यांनी फाईल काढून खात्याचं पत्र माझ्यापुढे ठेवलं. 'सोबत संभाव्य गळतीची यादी. योग्य ती कार्यवाही करून अहवाल सादर करावा.' एवढंच.

"ह्यात मदत कुठं लिवलंय, दाखवा मला. तीस वर्षं नोकरी झाली. वरून नावाची यादी आली की ती नावं कमी करायची असत्यात. मतदाराची यादी आसो, रेशनची आसो. धरून ठिवायची यादी मी तरी आजवर बघितली न्हाई."

मला त्यांच्या कानाखाली मारावीशी वाटली. पण त्या पत्रामागे जे पान असायला हवं होतं ते माझं होतं. हात मांडीवर ठेवून मी बसून राहिलो.

"टीश्या सगळ्या माझ्याच वर्गाच्या गेल्यात," दारातून एक आवाज आला. पांढरी टोपी, पांढरी दाढी, काखेत हजेरीपट. सातवीचे शेख गुरुजी. "शाळा सुटल्यावर माझ्या घरी चला. दाखवतो."

शेख गुरुजींचं घर

त्यांनी ओसरीवर चटई टाकली आणि दोन हजेरीपट शेजारी शेजारी उघडले. एक त्यांचा, एक दुसऱ्या वर्गाचा.

"दसऱ्यानंतर हे अर्धं गाव ऊस तोडायला जातं. पोरंपण संगं जातात. चैत्रात येतात. आता हा पट बघा."

दुसऱ्या वर्गाच्या पटात दिवाळीपासून पाडव्यापर्यंत एकही खाडा नव्हता. सगळी मुलं, सगळे दिवस, हजर.

"पट उतरला की मास्तराची एक जागा उतरते. म्हणून गेलेलं पोर हजर लिहितात. आता माझा बघा."

त्यांच्या पटात खाडेच खाडे होते. ताप, लग्न, बाजार, कोयता. जे होतं ते.

मला समजायला फार वेळ लागला नाही. माझ्या संगणकाला जो कधीच गैरहजर नाही तो सर्वांत सुरक्षित वाटला होता. ती मुलं त्या वेळी कुठल्यातरी कारखान्याच्या उसाच्या फडावर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करत होती. आणि जी खरोखर वर्गात बसत होती, कधीमधी चुकत होती, ज्यांचा खाडा एका माणसानं प्रामाणिकपणे लिहिला होता, ती अकरा मुलं त्यानं धोक्याची ठरवली. त्यानं ओळखलं होतं ते एवढंच, की कोणता मास्तर खरं लिहितो.

हे मला आधी सुचायला हवं होतं. कॉलेजात माझ्या तासाला रोज कोणीतरी मित्राची हजेरी देतो. आवाजावरून मला कळतं आणि मी सोडून देतो. हजेरीपट खोटा असतो हे शिकायला मला बीड जिल्ह्यात यायची गरज नव्हती.

"एक दिवस यायचं होतं तुम्ही," गुरुजी म्हणाले. "दोन वर्षांत एक दिवस. इथं बसून हे दोन पट बघायचे होते."

"कागद पुण्याला मागवले होते."

"हां. कागद मागवले." त्यांनी पट मिटला. "बावीस वर्षं खरी हजेरी लिहितो. त्यापायी तीन बदल्या झाल्या, लोक हसले. चालतंय. पण माझ्या खरेपणाची शिक्षा पोरांना कधी झाली नव्हती. ती तुम्ही केली, साहेब. मोठ्या मशीननं केली."

आतून त्यांच्या बेगम म्हणाल्या, "भांडण नंतर करा हो. खट्टा थंडा होतोय."

खिचडी आणि चिंचेचा खट्टा. आमच्याकडे खिचडी आजाऱ्याची. इथे ती पाहुण्याची, तीळ आणि कांदा घातलेल्या त्या आंबट खट्ट्याबरोबर. मी खिचडी नुसतीच चिवडत होतो. गुरुजी माझ्या ताटाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "खाऊन घ्या. उद्या एका घरी जायचंय. तिथली पोरगी अजून वाचवता येईल. बाकीच्यांत बरीच गाव सोडून गेली."

"कशी काय? ती तर गावात राहणारी मुलं होती ना?"

"शाळेसाठी आजीकडं ठेवलेली होती. शाळेनंच काढलं, मग आजीकडं कशाला? आईबाप घेऊन गेले."

अप्पांचं दुकान

शनिवारची शाळा सकाळची. ती सुटायच्या आधी गुरुजींनी सांगितलेल्या त्या घरी, म्हणजे एका दुकानात, मी एकटाच गेलो. किराणा, आणि त्यातच एका कोपऱ्यात काचेचा फोनबूथ. गावातला एकमेव पिवळा एस.टी.डी.चा बोर्ड या दुकानावर आहे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले अप्पा म्हणाले, "शरणार्थ, या." तराजूमागे त्यांची तेरा वर्षांची मुलगी शेंगदाणे जोखत होती. तिचं नाव इथे शिवकांता म्हणू. आई नाही. गुरुवारी गावात बाजार भरतो, त्या दिवशी अप्पा बाजारात पाल ठोकून माल विकतात आणि ती दुकान सांभाळते.

अप्पांनी धपाटे आणि दही पुढे केलं. मी कोण ते ऐकल्यावर त्यांचा हात जरा थबकला, पण ताटली त्यांनी मागे घेतली नाही.

"सरकारचा कागुद आला," ते म्हणाले. "पुण्याच्या कंपूटरनं सांगितलं पोरगी शिकनार न्हाई. आता आमी अडानी मानसं, मशीनपेक्षा शानी हाव का? उद्या पाव्हनं येनार हायेत पोरगी बघायला. औश्याकडचे. घर चांगलं हाय."

"अप्पा, ती तेरा वर्षांची आहे."

"मंग घरी बसवून काय करू? शाळा असती तर सांगितलं असतं, शाळा हाय."

मुलीनं तराजू खाली ठेवला. "माझंच नाव कावून आलं, ते दावा की."

मी पिशवीतून यादी काढली. चिकटलेल्या घड्या तिनं नखानं अलगद सोडवल्या आणि स्वतःच्या नावाच्या ओळीवर बोट ठेवलं. वय, आई नाही, खाडे. खाड्यांचा आकडा बघून म्हणाली, "हे सगळे गुरुवार हायेत." मग शेवटच्या रकान्यापाशी, "हे चौऱ्याऐंशी शंभरापैकी का?"

"हो. तू शाळा सोडशील याचा अंदाज."

"मला गणितात ब्याण्णव हायेत. ते कुठल्या रकान्यात लिवले?"

"तो रकाना नाही."

"कावून?"

"गुण भरायला वेळ लागला असता. म्हणून गाळला." हे खरं आहे. नोंदी भरणाऱ्या मुलींनी विचारलं होतं आणि मीच नको म्हणालो होतो.

तिनं यादी माझ्याकडे सरकवली. "मंग तुमचं मशीनच नापास हाय."

"ए शिवे! सायबाशी असं बोलत्यात का?"

"बोलू द्या," मी म्हणालो. 

मी बूथमध्ये शिरून साहेबांना फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं. दाखले मागे घ्यायला सांगा म्हणालो.

"सर, तो मुख्याध्यापकाचा अधिकार आहे. आणि मला एक सांगा, यादी बरोबर ठरली ना? मग तुमची अडचण काय?"

"आपण यादी दिली म्हणून ती मुलं गेली!"

"अहो, अकरापैकी अकरा! जगात कुठे येते अशी अचूकता? ती कशी आली यात आपण कशाला शिरायचं? पुढच्या वर्षी सगळा जिल्हा घेतोय आपण. संध्याकाळी वेळेवर या, पाहुणे..."

मी रिसीव्हर आपटला. काच हादरली. शिवकांतानं बाहेरून शांतपणे सांगितलं, "मोडंल. गावात येवढाच हाय."

एक नाव, अकरा नावं

शाळा सुटली होती. हेडसर कुलूप लावत होते, शेख गुरुजी पायरीवर बसले होते. मी म्हणालो, शिवकांताला आजच्या आज परत घ्या.

"मी कावून न्हाई म्हनू? पोरगी हुशार हाय. पन मला कागुद पाहिजे. शून्य गळतीचा अहवाल वर गेलाय. उद्या इचारलं तर काय दावू? तुमी लिवून द्या, मशीनची चूक झाली म्हनून." मग आवाज उतरवून, "एकीपुरतंच लिवा, सायब. बाकी दहांचं राहू द्या. तुमचंबी काम टिकतंय, माझाबी अहवाल टिकतोय."

आणि मी एकीपुरतंच लिहिलं. हे लपवण्यात अर्थ नाही. 'सदर विद्यार्थिनीच्या बाबतीत नोंदीतील त्रुटीमुळे पुनर्विचार व्हावा.' असली मऊ भाषा मला छान येते. पुढच्या वर्षी सगळा जिल्हा मिळणार होता, तो त्या क्षणीही डोक्यात होता.

गुरुजींनी कागद वाचला, पायरीवर ठेवला आणि माझ्या हातातल्या चिकट यादीकडे बोट केलं. "बाकीची दहा नावं वाचता येत नाहीत का? सीताफळानं चिकटलीत?"

मी कागद फाडला. दुसरा घेतला. 'ही यादी चुकीची आहे. चूक संगणकाची नाही, माझी आहे. अकराही मुलांचे दाखले रद्द करून त्यांना पटावर घ्यावे.' आणि अकरा नावं, एकाखाली एक.

हेडसर म्हणाले, "ह्याला शिक्का?"

"शिक्का नाही माझ्याकडे! अंगठा देऊ? रक्त देऊ?"

"ओरडू नका, सायब. आमचा मारतो." आणि त्यांनी खरंच शाळेचा गोल शिक्का मारला. मग पुन्हा कुलूप उघडून आत गेले, रजिस्टर काढलं आणि शिवकांताचं नाव तांबड्या शाईनं परत चढवलं. भीती आणि भलेपणा एकाच माणसात असा शेजारी राहतो, याचाही मला राग आला. नुसता दुष्ट माणूस भेटला असता तर सोपं गेलं असतं.

दुकानात परत जाऊन सांगितल्यावर अप्पांनी माझ्यासमोर फोन लावला. "पाव्हनं, उद्याचं राहू द्या. पोरगी शाळेत हाय आमची. परीक्षा झाल्यावर बघू." ते 'बघू' मला टोचलं. बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्या घरात माझा बोलण्याचा हक्क किती, हे मला कळेना.

परत

बीडला मी गेलो नाही. मांजरसुंब्याला उतरून सरळ पुण्याची गाडी पकडली. हे धाडस नव्हतं, पळ होता. त्या मंचावर उभं राहून साहेबांसमोर सगळं सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी घरी येऊन ते राहिलेलं पान लिहिलं, टपालानं खात्याला धाडलं आणि गुरुजींनाही तसं कळवलं. खात्याकडून उत्तर आलं नाही.

गेल्या आठवड्यात गुरुजींचं कार्ड आलं. 'शिवकांता येते. गुरुवारी गैरहजर लिहितो. आणखी तिघं परत आली. सात जण फडावर आहेत. त्यांची नावं हेडसरांकडून पटावर चढवून घेतली. रोज पुकारतो, रोज गैरहजर लिहितो. पुढच्या यादीत ही सातही असतील, ते मला आजच माहीत आहे. तुमचं पान शाळेला अजून मिळालेलं नाही.'

काल रविवार होता. मी दुकानात फोन लावला. शिवकांतानंच उचलला. मी म्हणालो, एक पान सांगतो, लिहून घे आणि उद्या गुरुजींना दे.

"हळू सांगा."

"या यादीतल्या एकाही मुलाला दाखला देऊ नये."

"लिवलं. फुडं?"

"प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन ते का येत नाही हे विचारावं. आईबाप गाव सोडणार असतील तर मुलाची राहण्याजेवणाची सोय गावात लावावी."

पेनाचा आवाज थांबला. "हे कोन करनार, ते न्हाई का लिवलं? हेडसर म्हनतील, दाखवा कुठं लिवलंय."

मी ते लिहिलं नव्हतं. पुन्हा नव्हतं लिहिलं. मी माझं नाव सांगितलं.

तिनं ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "पत्ता?"